घरच्या पडद्यावरचा बाण

लग्नाआधी मी शहापुरात डीटीपीचा कोर्स केला होता. तो वाया जाऊ नये असं माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्यालाच जास्त वाटायचं. तो वाशिंदच्या एका कारखान्यात मशीनवर होता. एका दिवाळीला त्याने कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर घरी आणला आणि माजघरात खिडकीशी मांडला. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचं गाव. तिथे तेव्हा दुसऱ्या कुणाकडे कॉम्प्युटर नव्हता. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, भजनी मंडळाची पत्रकं असं काय काय माझ्याकडे टाइप करायला यायला लागलं. छपाई कल्याणला व्हायची.

घरात आम्ही तिघंच होतो, नवरा, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणायचे. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. भात, भातानंतरचा वाल आणि दारची म्हैस यांत त्यांचा दिवस जायचा. कॉम्प्युटरला त्या हात लावत नसत. कोंबडी माजघरात शिरली की मात्र आधी त्याच्याकडे धावायच्या.

माझा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात होता. आमचं मशीन बिघडलं की ते जीपमध्ये घालून शहापूरला न्यायचं म्हणजे हाल. म्हणून टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं, तेव्हा त्याने त्यावर एक प्रोग्रॅम टाकून दिला. मशीन चालू झालं की खालच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन उघडायचा. त्यात दोन आकडे असत. एक लांबलचक, तो नेहमीचाच. दुसरा छोटा, तो दर वेळी नवा. हे दोन्ही आकडे मी फोनवर वाचून दाखवले की भावाला पुण्यात बसून आमचा पडदा दिसायचा आणि तो तिथूनच मशीन दुरुस्त करायचा. मला त्याचं नवल वाटायचं, पण त्या वाटेने कधी मलाच घरी यावं लागेल असं मनात आलं नव्हतं.

त्या वर्षी भाताची झोडणी आटोपली आणि थोड्याच दिवसांत नवऱ्याचा अपघात झाला. ड्युटीवरून येताना हायवेवरच्या खडीवर मोटरसायकल घसरली. डाव्या पायाचं हाड गुडघ्याखाली मोडून बाहेर आलं होतं. शहापूरहून त्याला मुंबईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, सळई घातली. आठवड्याभरात घरी जाऊ असं वाटत होतं, पण जखम चिघळली. हाडापर्यंत पू गेला. मग आमचा मुक्काम तिथेच पडला. तो खाटेवर आणि मी खाटेखाली चटईवर.

आई गावीच राहिल्या. म्हैस होती, वाल नुकता वर आला होता. शिवाय नवऱ्यानेच मला बजावलं होतं, "आईला आनू नको. पाय बघितला तं ती खचंल." त्यामुळे मी फोनवर आईंना सांगायचे की बरं आहे, जखम भरते आहे. तो स्वतः त्यांच्याशी बोलायचा नाही. फोन पुढे केला की डोळे मिटून घ्यायचा.

अशातच आमच्या भागातल्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेला पन्नास वर्षं होत होती आणि स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. अर्धं अधिक झालंही होतं. माझ्या हातचं पहिलंच पुस्तक, आणि त्याच शाळेत माझा नवरा शिकलेला.

"बाई, तुम्ही तिकडे बघा. आम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेतो," मुख्याध्यापक म्हणाले. "फक्त झालेलं काम कुठून मिळेल तेवढं सांगा."

मी नवऱ्याला सांगितलं. तो छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "तू कर ते. हितं माझ्याकडं बघत बसून माझं हाड जुळनार हाय का?"

करणार कसं? सगळं काम घरच्या मशीनमध्ये. कुणी ते पेन ड्राइव्हवर आणून दिलं असतं तरी माझे मराठी फॉन्ट मुंबईच्या कॉम्प्युटरवर नव्हते. तेव्हा फॉन्ट नसला की मराठी मजकुराच्या जागी नुसत्या चित्रविचित्र खुणा उमटायच्या. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "फाइल कशाला आणतेस? तूच घरी जा." आणि तो प्रोग्रॅम कसा उघडायचा ते त्याने सांगितलं. "घरी कुणीतरी मशीन चालू करून आकडे सांगायला पाहिजे, बस."

कुणीतरी म्हणजे आईच.

दवाखान्यामागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता. प्लायवूडची खोपटी आणि प्रत्येकात एक कॉम्प्युटर. मालक पन्नाशीचे काका होते. "बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम उघडायचा नाही," असं त्यांनी आधी ठणकावलं. मी कुठून आले, का आले ते सांगितलं. त्यांनी माझ्या हातातल्या दवाखान्याच्या पासाकडे बघितलं आणि कोपऱ्यातलं मशीन दाखवलं. "तिथं बसा. तिथं गिऱ्हाईक बसत नाही, पंखा पोचत नाही."

आमच्याकडे भारनियमन असायचं. दुपारची जेवणं झाल्यावर वीज यायची ती दिवेलागणीला परत जायची. तेवढी वेळ साधून मी घरच्या फोनवर फोन लावला. तो कॉम्प्युटरच्या शेजारीच असायचा.

"आई, कॉम्प्युटर चालू करायचाय."

"कुनी? मी?"

"दुसरं कोन हाय घरात?"

"माझ्या हातून काय मोडला तं?"

"नाय मोडत. आधी भिंतीवरचं बटण दाबा. मंग खाली डबा हाय ना, त्याच्यावरचं गोल बटण."

खटखट ऐकू आलं. मग आईंचा घाबरा आवाज आला, "गो, घूं घूं करतोय ह्यो."

"करू दे. तसाच करतो तो."

थोड्या वेळाने पडदा उजळल्याचं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "आता खाली कोपऱ्यात एक चौकोन आला असंल. त्यात आकडे हायत. तेवढे वाचा."

 मग आई हळूच म्हणाल्या, "आकडे मला कुठं येतात गो."

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पण मग आठवलं, या मला फोन लावतात की! मी विचारलं, "मंग माझा नंबर कसा लावता?"

"लेकान दाखवलाय. पयल्यांदा तिसऱ्या वळीतला शेवटचा, मंग दुसऱ्या वळीतला मधला, असा ध्यानात ठेवलाय."

"आई, फोनच्या बटणांवर जी चित्रं हायत ना, तीच पडद्यावर हायत. पडद्यावरचं एकेक बघा आनि फोनवर ते कुठं हाय ते सांगा."

"थांब, खिडकी उघडत्ये. उजेड नाय."

खिडकीचा कडी-कोयंडा वाजला. मग सुरू झालं. "दुसऱ्या वळीतला मधला," आई म्हणायच्या आणि मी पाच लिहायचे. "सगळ्यात खालचा, वाटोळा." शून्य. "तिसऱ्या वळीतला पयला." सात. एके ठिकाणी त्या अडल्या. "ह्यो दुसऱ्या वळीतला शेवटचा का तिसऱ्या वळीतला? दोनी सारखेच दिसतात. एकाचा पोट वर, एकाचा खाली."

"पडद्यावरच्याचं पोट कुठं हाय?"

"खाली."

"म्हंजे सहा."

आकडे भरले, पण लागलं नाही. परत विचारले, परत भरले. कुठेतरी एकाच्या जागी सात झाला होता. तिसऱ्या खेपेला माझ्यासमोरचा पडदा क्षणभर काळा झाला आणि हळूहळू, वरून खाली, पट्ट्या पट्ट्यांनी आमच्या घरचा पडदा उतरला. त्यावर मीच लावलेला फोटो होता. खळ्यावर रचलेली भाताच्या भाऱ्यांची उडवी आणि तिच्याशी उभ्या असलेल्या आई. त्या कोंदट खोपट्यात मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

मी माउस हलवला. फोनमधून आई एकदम ओरडल्या, "गो! ह्यो बाण आपला आपला चाललाय!"

"मीच चालवते, आई."

"तू? तितून?"

"हो."

आईंनी पाट ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "म्हंजे आता तू घरात हायस."

"बाण तेवढा हाय."

"तेवढा तं तेवढा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर रोजचंच झालं. दुपारी नवऱ्याचं ड्रेसिंग आटोपलं की त्याला डुलकी लागायची आणि मी गल्लीत यायचे. छोटा आकडा रोज बदलायचा, त्यामुळे आईंना रोज फोन लावावा लागायचा. त्या सरावल्या. "लिही," म्हणायच्या आणि वळी सांगत सुटायच्या. मग फोन ठेवून मी काम करायचे. नेट हळू होतं. एक अक्षर दाबलं की ते घरी जाऊन परत दिसेपर्यंत मी खुर्चीत मागे टेकायचे. लाईट गेली की पडदा गोठायचा. तरीही पानं पुढे सरकत होती. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, शिक्षकांचे लेख, जुने फोटो. दवाखान्यातल्या वासातून आणि विव्हळण्यातून उठून इथे यायचं आणि कुणाच्या तरी स्नेहसंमेलनाची गंमत पानात लावत बसायचं, याने मला दिवस ढकलायला बळ यायचं.

एकदा आकडे सांगून झाल्यावर आई म्हणाल्या, "काल तू वर डावीकडं लय येळ होतीस."

मी चपापले. "तुमी बघत बसता?"

"मंग? लेकाला बघाया येऊ देत नाय तुमी. तुला तं बघते." मग पुढे म्हणाल्या, "म्हशीचा करून दुपारीच मोकळी होत्ये. हितंच बसत्ये काय काय निवडत. तू काम कर, माझ्याकडं बघू नको."

मी कशी बघणार? पण त्या दिवसापासून मी माउस जरा सावकाश हलवायला लागले.

आणि मग तो दिवस आला. सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हाडातला पू हटत नव्हता. आणखी एकदा आत साफ करून बघू, ते म्हणाले, नाही जमलं तर पाय काढावा लागेल. नवऱ्याने लांबून आमची तोंडं बघितली होती. मी परत आले. मीच सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुपारी मी सवयीनेच कॅफेत गेले. आकडे घेतले, फाइल उघडली. क्रीडा विभागाचं पान लावायचं होतं. त्यात शाळेच्या कबड्डी संघाचा जुना फोटो होता. मागे उभी, पुढे बसलेली पोरं. पुढच्या रांगेत, एक गुडघा टेकून दुसरा पाय पुढे टाकलेला, माझा नवरा. दहावीतला. मिसरूडसुद्धा नव्हती फुटली. फोटो जागेवर सरकवायला मी माउस नेला आणि पुढे मला काही सुचेनाच. हात तसाच राहिला.

किती वेळ गेला कोण जाणे. मोबाइल वाजला. घरचा नंबर.

"गो, बाण हलत नाय."

"विचार करते, आई."

"त्याच्या पायावर थांबलाय."

मी पडद्याकडे बघितलं. खरंच तसं होतं. मला रडू आवरेना. शेजारच्या खोपट्यातल्या मुलाने वाकून बघितलं. आईंनी माझं रडणं ओसरू दिलं. मग विचारलं, "काढाया लागंल का पाय?"

"एकदा परत साफ करनार हायत. नाय जमलं तं काढाया लागंल बोल्ले."

"त्याला म्हाईत हाय?"

"हाय."

"पायाच्या धास्तीनच बोलत नाय मंग माझ्याशी." त्यांनी मोठा श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "मला वाटला, माझाच काय चुकला."

 तेवढ्यात माझ्यासमोरचा पडदा गोठला आणि संपर्क तुटल्याची पाटी आली. वीज गेली होती. फोन मात्र चालू होता.

"लाईट गेला," आई म्हणाल्या. "तू हायस ना?"

"हाय."

"ऱ्हा मंग जरा."

आम्ही दोघी तशाच फोन कानाला लावून बसलो. पलीकडे म्हैस ओरडली, कुणी पोरं रस्त्यावरून हाका मारत गेली. काकांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि निघून गेले. शेवटी आई म्हणाल्या, "त्याला आन एकदा तिथं. बोलू नको म्हनावं माझ्याशी. नुसता बाण हलव म्हनावं."

मी निरोप सांगितला. "काय खुळ्यासारखं," नवरा म्हणाला आणि विषय संपला.

दुसरं ऑपरेशन झालं. ताप चढला, उतरला. ड्रेसिंग उघडलं की डॉक्टर जखमेत वाकून बघायचे आणि मी डॉक्टरांच्या तोंडाकडे. मग एका सकाळी ते म्हणाले, "हाड लाल दिसतंय. बरं लक्षण आहे." आणखी काही दिवसांनी त्यांनी पाय वाचल्याचं सांगितलं. गुडघा मात्र पुन्हा वाकेल याची खात्री नव्हती.

चाकाच्या खुर्चीत बसायची परवानगी मिळाली तेव्हा नवऱ्याने त्याचं त्यानेच विचारलं, "तो कॅफे किती लांब हाय?"

गल्ली उतरायला सोपी होती, पण कॅफेला दोन पायऱ्या होत्या. काकांनी आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याने खुर्ची उचलून आत घेतली. त्याचा पाय सरळ पुढे आलेला, तो काही खोपट्यात मावेना. काकांनी एक फळी काढून बाजूला ठेवली. मी आईंकडून आकडे घेतले, पण कोण आलंय ते सांगितलं नाही. घरचा पडदा उघडला आणि माउस त्याच्या हाताखाली सरकवला.

तो उडवीच्या फोटोकडे बघत राहिला. मग त्याने बाण आईंच्या पदराभोवती फिरवला. नुसताच, गोल गोल. काय करावं हे त्यालाही कळत नव्हतं. मग त्याने चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडला आणि एक वेडीवाकडी रेघ ओढायला घेतली. पोट झालं, चार पाय झाले, शेपटी झाली. माझा मोबाइल वाजला. मी त्याचा स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"गो, ह्या काय काढलास? कुत्रा?" आई विचारत होत्या.

नवऱ्याचा हात थांबला.  "म्हस हाय, आई."

 मला वाटलं फोन कटला. मग आईंचा आवाज आला, एकदम रोजच्यासारखा, "अशी असत्ये म्हस? शिंगा कुठं हायत?"

त्याने दोन शिंगं काढली.

"उलटी काढलीस."

तो हसला. कित्येक आठवड्यांनी. हसता हसता त्याने डोळे पुसले.

"जेवलास?"

"जेवलो."

"पाय?"

"हाय."

"दुखतो?"

"लय दुखतो."

"दुखू दे," आई म्हणाल्या. "हाय, म्हनून दुखतोय."

मग ती दोघं बराच वेळ बोलली. म्हशीच्या दुधाचं, वालाचं, शेजाऱ्याने बांध कुठवर घातला त्याचं. तोवर वीज गेली आणि पडद्यावरची म्हैस गोठून गेली, तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. काका गल्ल्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते.

स्मरणिका वेळेत झाली. शेवटची पानं मी नवऱ्याला शेजारी बसवूनच लावली आणि घरच्याच मशीनवरून कल्याणच्या छापखान्याला मेल केली. कार्यक्रमाला आम्हाला जाता आलं नाही. आई गेल्या. मुख्याध्यापकांनी त्यांना पुढे खुर्ची दिली आणि एक प्रत हातात ठेवली. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "सून तितून करायची, मी हितून." शाळेतल्या बायांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी माना डोलावल्या.

आम्ही घरी आलो तेव्हा वालाची काढणी सुरू होती. जीपच्या मागच्या सीटवर पाय लांब करून तो मुंबईपासून आडवा आला. आई दारात उभ्या होत्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यात शेवटी पायाकडे बघितलं. नीट, वरून खालपर्यंत बघितलं. व्रणांवरून बोट फिरवलं. खचल्या नाहीत. म्हणाल्या, "बारीक झालाय. तेल लावू."

गुडघा वाकला नाही तो नाहीच. मोटरसायकल विकली. कारखान्याने पुढे त्याला वजनकाट्यावर बसून करायचं काम दिलं. जीपने आसनगाव आणि तिथून लोकलने वाशिंद, असं तो जाऊ लागला. भाताच्या लावणीला वाकणं मात्र संपलं, आणि ते त्याला फार लागलं.

पण ते पुढचं. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने हट्ट धरला की वाल बघायला जायचं. दोन काठ्या घेऊन तो बांधावरून निघाला. बांध अरुंद, आणि ताठ पाय दर पावलाला बाहेर फेकला जायचा. मी मागून धरायला गेले तर त्याने हात झटकला. आई बांधाखाली शेतात उतरल्या आणि त्याच्या बाजूने ढेकळांतून चालायला लागल्या. आधार दिला नाही, नुसत्या चालत राहिल्या. अर्ध्या वाटेवर त्याने आपणहून एक काठी माझ्याकडे दिली आणि तो हात आईंच्या खांद्यावर ठेवला.